तेल लावलेल्या पावडरीत हवेतली ओल शिरते का?

शमिका_अंबरनाथ

मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. कॉम्पॅक्ट पावडर बनवताना टाल्क, अभ्रक, केओलिन, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशा खनिज पावडरी एकत्र करतात, त्यात थोडं तेल मिसळतात आणि डबीत दाबून वडी बसवतात. तेलामुळे कण एकमेकांना धरून राहतात. जून उजाडला की कच्च्या मालाच्या गोदामापासून पॅकिंगपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : "तेल आहे ना त्यात, मग ओल कशी धरेल?"

हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यावर बरेच निर्णय घेतले जातात, म्हणून धागा काढतेय.

पाण्याचा थेंब पावडरीत न मुरणं आणि हवेतली वाफ कणांवर न बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंब म्हणजे कोट्यवधी रेणूंचा एकत्र गोळा. त्याला पावडरीत शिरायचं तर कणांचा पृष्ठभाग ओला करत जावं लागतं, आणि तेलकट पृष्ठभाग तो ओला करू शकत नाही. वाफेचा रेणू मात्र एकेकटा फिरतो. त्याला फक्त बसायला जागा हवी असते. पावडर पाण्यावर तरंगतेय म्हणून ती वाफ धरत नाही असा निष्कर्ष काढणारे मला सगळीकडे भेटतात.

आता जागा कुठे असते ते पाहू. सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, अल्युमिना या सगळ्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. पूर्णपणे हायड्रॉक्सिलयुक्त सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला साधारण पाच. पाण्याचा रेणू हायड्रोजन बंधाने त्यांना धरतो. टाल्कचं वेगळं आहे. त्याच्या पापुद्र्याची सपाट बाजू मुळातच पाण्याला दाद देत नाही, पाणी बसतं ते कडेच्या तुटलेल्या बंधांवर. म्हणून टाल्कमध्ये तेल घातलं आणि ओल कमी धरली तर त्याचं सगळं श्रेय तेलाला देता येत नाही. टाल्क आधीच कमी ओल धरत होता. बेंटोनाइट किंवा मुलतानी माती याच्या अगदी उलट टोकाला. तिथे पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर बसून थांबत नाही, थरांच्या मध्ये शिरतं, आणि साध्या तेलाचा तिथे काही अधिकार चालत नाही.

मला जाणून घ्यायचंय ते हे, की तेल आणि खनिज पावडर एकत्र येतात अशा इतर धंद्यांत काय अनुभव आहे. रंग, प्लास्टिक, खतं, वीज, बांधकाम, कुणीही लिहा. आणि भौतिक रसायन शिकवणारं कुणी असेल तर त्यांनी माझी मांडणी तपासावी.

खंबा_नंबर_१२

चांगला धागा ताई. माझं आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत गेलं, आणि तिथे तुमचा प्रश्न एका काचेच्या भांड्यात डोळ्यांसमोर दिसतो. ब्रीदर म्हणतात त्याला.

ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तापलं की प्रसरण पावतं, निवलं की आकसतं. आकसताना कॉन्झर्व्हेटर, म्हणजे हे कमीजास्त होणारं तेल सामावणारी टाकी, बाहेरची हवा आत ओढते. ती हवा कोरडी व्हावी म्हणून वाटेत सिलिका जेल ठेवतात. त्याखाली एक छोटा कप असतो, त्यात ट्रान्सफॉर्मरचंच थोडं तेल. बाहेरची हवा आधी या तेलातून बुडबुडे काढत वर येते, मग जेलमध्ये जाते.

नवीन पोरं विचारतात, तेलातून हवा आली म्हणजे तिची ओल तिथेच गेली ना? नाही. तेल धूळ अडवतं, आणि ट्रान्सफॉर्मर श्वास घेत नसतो तेव्हा जेल आणि बाहेरची हवा यांच्यात आडोसा धरतं. नाहीतर जेल बसल्या जागी दिवसरात्र ओल खात राहिलं असतं. ओल काढणं हे जेलचं काम. खनिज तेलात पाणी विरघळतंच किती? २५ अंशांना दहा लाख भागांत साधारण ५५ भाग. भरपूर ओल घेऊन आलेला बुडबुडा त्या कपातून जवळपास तसाच वर जातो.

खरा घोटाळा कप खुणेच्या वर भरला की होतो. जोरात श्वास घेतला की तेल उडून खालच्या थरातल्या जेलला लागतं. असं जेल काळपट तपकिरी पडतं, आणि मग ओल खाल्ल्यावर त्याचं निळ्याचं गुलाबी होणं दिसेनासं होतं. हल्ली कोबाल्ट नसलेलं केशरी जेल वापरतात, त्याचाही रंग तेल लागलं की वाचता येत नाही. म्हणजे जेल संपलंय की शिल्लक आहे हे बघणाऱ्याला कळतच नाही. नुसतं ओलं झालेलं जेल भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतं. तेल प्यायलेलं जेल मी कधी पुन्हा भरू दिलं नाही.

कणाद_निवृत्त

शमिका, मांडणी बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा कणा तिथेच आहे.

समजा हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के आहे. तेलाचा एक थर या हवेत पुरेसा वेळ ठेवला तर त्यात किती पाणी विरघळेल? त्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण ७५ टक्के. ही क्षमता खनिज तेलाची फार थोडी, एरंडेलाची बरीच जास्त, पण प्रमाण तेच. आता त्या थराखाली सिलिकाचा कण आहे. त्याच्या दृष्टीने तेलातलं ते थोडकं पाणी आणि बाहेरची ७५ टक्क्यांची हवा यांच्यात फरक नाही, दोन्हीकडे पाण्याची 'निसटून जाण्याची ओढ' सारखीच आहे. म्हणजे नुसतं तेल मध्ये आहे म्हणून कणाला ७५ टक्क्यांऐवजी ४० टक्के आर्द्रता जाणवेल, असं होत नाही. समतोलाला कणावर किती पाणी बसेल हे ठरतं ते पृष्ठभागावरच्या जागा तेलाच्या रेणूंनी किती घट्ट अडवल्या आहेत यावर.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, शेवटी शिरेल, पण तेल उशीर तर करेल ना? आकडे मांडून बघू. पावडरीचं पृष्ठफळ ग्रॅमला ५ चौरस मीटर धरा, तेल ५ टक्के. ते तेल सगळ्या पृष्ठभागावर सारखं पसरलं असं मानलं तर थराची जाडी येते साधारण ११ नॅनोमीटर. एवढ्या थरातून पाण्याचा रेणू पार व्हायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. आणि पृष्ठभागावर पाण्याचा एक रेणूजाड थर बसवायला लागणारं पाणी म्हणजे चौरस मीटरला पाव मिलिग्रॅमहून थोडं जास्त. ते त्या ५५ भागवाल्या तेलातूनसुद्धा क्षणात पोचतं. म्हणजे कणाभोवतीचा तेलाचा पातळ थर वाफेला ना अडवतो, ना उशीर करतो.

उशीर होतो तो वेगळ्या कारणाने. कणांमधल्या मोकळ्या जागा तेलाने भरून गेल्या आणि हवेला फिरायला वाटच उरली नाही, तर वाफेला सेंटिमीटरभर तेलातून हळूहळू झिरपत जावं लागतं. लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे तो दिवसांत मोजायची वेळ येते. पण तोवर ती पावडर राहिलेलीच नसते, तिची लापशी झालेली असते.

शमिका_अंबरनाथ

कणाद सर, ११ नॅनोमीटरचा हिशेब मी कधी अशा बाजूने केला नव्हता. फार उपयोगी आहे.

याला जोडून विचारते. आर्द्रता जास्त असताना, म्हणजे ८५-९० टक्क्यांच्या पुढे, तेल असलेल्या पावडरीत गाठी कमी होतात हे मात्र आम्ही नक्की पाहतो. वजनातली वाढ फारशी वेगळी नसतानासुद्धा. हे कसं जुळवायचं?

कणाद_निवृत्त

केशिका संघननामुळे. दोन कण जिथे टेकतात तिथली फट टोकाला अतिशय अरुंद असते. अरुंद, पाण्याने ओल्या होणाऱ्या फटीत वाफ संपृक्ततेच्या आधीच द्रव होते. केल्विनच्या समीकरणानुसार, तपमान २५ अंश धरलं तर, ५० टक्के आर्द्रतेला दीड नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतच्या वक्रतेत पाणी टिकतं, ९० टक्क्यांना साधारण १० नॅनोमीटरपर्यंत, ९९ टक्क्यांना १०० पर्यंत. म्हणजे ९०च्या पुढे हे पाण्याचे पूल झपाट्याने जाड होतात, आणि गाठी त्यांच्यामुळेच होतात.

तेल नेमकं त्याच फटीत जाऊन बसतं, कारण तेही केशिकेने तिथेच ओढलं जातं. फट तेलाने भरली असेल आणि कणाचा पृष्ठभाग तेलानेच ओला राहू इच्छित असेल, तर पाण्याचा पूल तयार होत नाही. कणांवर सुटं बसलेलं पाणी वजनात दिसतं, पण ते कणांना चिकटवत नाही.

पण यात एक अट आहे. उघडी सिलिका, उघडा टायटॅनियम डायऑक्साइड यांना तेलापेक्षा पाणी अधिक प्रिय. पुरेसं पाणी मिळालं की ते तेलाला बाजूला सारून स्वतः पृष्ठभागावर बसतं. जमिनीखालच्या वाळूच्या दगडात तेल आणि पाणी शेजारी असतात तेव्हा बऱ्याचदा दगडाला पाणीच चिकटलेलं असतं, त्यातलंच हे. म्हणून सुट्या तेलाने मिळालेलं संरक्षण सलग दमट हवेत कायम राहील अशी खात्री देता येत नाही.

खानदेशी_फिलर

जळगावकडून नमस्कार. आमच्याकडे पीव्हीसी पाइपांचा मोठा धंदा, आणि पाइपात कॅल्शियम कार्बोनेट पडतंच. मी त्याच कार्बोनेटच्या कोटिंगमध्ये आहे. सर ज्याला 'जागा घट्ट अडवणं' म्हणतात ते आमचं रोजचं काम.

आम्ही तेल वापरत नाही, स्टिअरिक ॲसिड वापरतो. ते ६९-७० अंशांना वितळतं. हायस्पीड मिक्सरमध्ये पावडर १०० अंशांच्या वर नेली की आधी तिची स्वतःची ओल उडते, मग ॲसिड वितळून कणांवर पसरतं आणि त्याचं डोकं कॅल्शियमशी खरीखुरी रासायनिक गाठ मारतं. शेपटी बाहेर. ही गाठ बसते म्हणूनच ते धुतलं तरी जात नाही. तीच पावडर पॅराफिन तेलात घोळली तर हाताला तितकीच गुळगुळीत लागते, पण सॉल्व्हंटने धुतली की सगळं तेल निघून जातं.

किती घालायचं याचाही हिशेब सोपा आहे. उभ्या राहिलेल्या स्टिअरिक ॲसिडच्या रेणूला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. पावडर ग्रॅमला ५ चौरस मीटरची असेल तर सगळा पृष्ठभाग भरायला सुमारे १.२ टक्के ॲसिड पुरतं. बारीक पावडरीला जास्त, जाड्या पावडरीला कमी. काही जण "जास्त घातलं तर जास्त सुरक्षित" म्हणून ओतत बसतात. एकदा जागा भरल्यावर उरलेलं ॲसिड सुटं पडतं आणि पुढे एक्स्ट्रूडरमध्ये त्रास देतं. ओलीच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य.

आणि हो, कोटिंग करताना पावडर आधीच ओली असेल तर ॲसिड नीट बसत नाही. पावसाळ्यात कोटिंगची प्रत घसरते ती बऱ्याचदा इथे.

द्राक्षवेल_निफाड

मी शेतकरी माणूस, यातलं सगळं कळलं नाही पण वाचायला आवडलं. आमचा प्रश्न साधा. ठिबकमधून सोडायच्या खतांत १२:६१:० ची पिशवी उघडी राहिली तरी दोनचार दिवस कोरडी असते. १३:०:४५ पण टिकतं. कॅल्शियम नायट्रेटला मात्र बघता बघता पाणी सुटतं. आमच्या इथे एकाने सुचवलं की वरून थोडं तेल फिरवून ठेवा. चालेल का?

कणाद_निवृत्त

@द्राक्षवेल, तेल फिरवू नका, ते ठिबकच्या फिल्टरला आणि ड्रिपरला त्रास देईल आणि पाणी सुटणंही थांबणार नाही.

तुमचा प्रश्न साधा नाही, चांगला आहे. इथे पाणी नुसतं दाण्याच्या पृष्ठभागावर बसत नाही, दाणाच त्यात विरघळतो. प्रत्येक विद्राव्य क्षाराची एक ठरलेली आर्द्रता असते, तिच्या वर तो हवेतून पाणी ओढून स्वतःचं द्रावण करतो. ३० अंशांना कॅल्शियम नायट्रेटची ४६.७ टक्के, युरियाची ७२.५ च्या आसपास, पोटॅशियम नायट्रेटची म्हणजे तुमच्या १३:०:४५ ची ९०.५, आणि १२:६१:० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेटची ९१.६. तुमचं निरीक्षण या आकड्यांशी तंतोतंत जुळतं. पावसाळ्यातली हवा ४६.७ च्या खाली क्वचितच येते.

ही मर्यादा त्या क्षाराच्या द्रावणाची आहे, दाण्याच्या पृष्ठभागाची नाही. म्हणून वर काहीही माखलं तरी ती बदलत नाही. आणि दोन खतं मिसळली तर ती आणखी खाली येते. युरिया आणि अमोनियम नायट्रेट एकत्र केले तर १८ टक्क्यांवर. म्हणून उरलीसुरली खतं एका डब्यात ओतून ठेवू नयेत.

कारखान्यात दाणेदार खतांवर फवारा मारतात तो ढेकळं होऊ नयेत म्हणून. त्यात तेल किंवा मेण असतं खरं, पण काम करतं ते त्यात विरघळवलेलं फॅटी अमाइन, ज्याचं टोक दाण्याला पकडून बसतं. जळगावच्या मित्राने सांगितलं तेच तत्त्व.

तुमच्यासाठी उपाय एकच : पिशवी लगेच उष्णतेने सील करा किंवा घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा.

रुजुता_क

माझी एक शंका आहे. त्वचेवर तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली की ओलावा आत राहतो हे तर सिद्ध झालेलं आहे. मग तेल वाफेला अडवत नाही असं कसं म्हणता?

शमिका_अंबरनाथ

रुजुता, शंका रास्त आहे. हा माझ्याच क्षेत्रातला प्रश्न आहे, म्हणून मी उत्तर देते.

त्वचेतून पाणी सतत बाहेर जात असतं. तिथे प्रश्न 'तासाला किती' हा आहे, आणि थर जितका जाड तितका वेग कमी होतो. आपण त्वचेवर लावतो तो थर मायक्रोमीटरमध्ये मोजायचा, सरांनी काढलेल्या ११ नॅनोमीटरच्या शेकडो पट. शिवाय पेट्रोलियम जेलीत मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात, ते वाट आणखी लांबवतात. म्हणूनच जेली पाण्याची ही गळती जवळजवळ बंद करते, आणि पातळ खनिज तेल किंवा सिलिकॉन तेल तिच्या मानाने फार कमी रोखतं. पावडरीत मात्र प्रश्न 'शेवटी किती' हा असतो, तिचं भांडं एकदाच भरायचं असतं आणि त्यासाठी तिच्याकडे अख्खा पावसाळा असतो.

सिलिकॉनबद्दल वेगळं सांगायला हवं. डायमेथिकोन हे सिलिकॉन तेल घातलं की पावडर पाण्याला अगदी जबरदस्त झिडकारते, थेंब गोळीसारखा गडगडतो. पण सिलिकॉनमधून पाण्याची वाफ खनिज तेलापेक्षाही सहज आरपार जाते. ज्यांना थेंब बघून निर्णय घ्यायची सवय आहे त्यांची इथे सर्वात जास्त फसगत होते. सनस्क्रीनसाठीच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर म्हणूनच बऱ्याचदा नुसतं सिलिकॉन तेल न लावता सिलेन चढवतात, जे हायड्रॉक्सिल गटांशीच बंध करतं.

एअरलाइन_भोसरी

उशिरा आलो धाग्यावर. कॉम्प्रेस्ड एअर ड्रायर हा माझा विषय. वर कणाद सर म्हणाले पातळ थर वाफेला उशीर करत नाही, हे मान्य. पण हवा सुकवायला ड्रायरमध्ये भरतात त्या ॲक्टिव्हेटेड अल्युमिनाचं मला मांडलंच पाहिजे, कारण तिथे तेल खरोखर मुळावर येतं.

अल्युमिनाचे गोळे दिसतात घन, पण आतून नुसती भोकं. ग्रॅमला २०० ते ३५० चौरस मीटर पृष्ठफळ, आणि भोकं काही नॅनोमीटरची. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब आणि तेलाची वाफ येते. ती भोकांत शिरून तिथेच राहते. इथे ११ नॅनोमीटरच्या थराची गोष्टच संपते, कारण भोकच त्याच्यापेक्षा अरुंद आहे. भोकाचं तोंड बुजलं की आतला पृष्ठभाग असून नसल्यासारखा.

दुसरं, आमच्याकडे वेळ नसतो. हीटलेस ड्रायरमध्ये दोन टॉवर असतात, एक हवा सुकवतो तेव्हा दुसरा कोरड्या हवेने स्वतः सुकतो, आणि साधारण पाच पाच मिनिटांनी अदलाबदल होते. समतोल कधीतरी गाठला जाईल हे तिथे कामाचं नाही. पाच मिनिटांत उणे ४० अंश दवबिंदू (हवा किती कोरडी याचं माप) मिळाला पाहिजे. तेलकट अल्युमिना तो देत नाही.

तिसरं, तापवून सुकवायच्या ड्रायरमध्ये १५०-२०० अंशांना पाणी निघून जातं, तेल नाही जात. ते तिथेच करपतं. टॉवर उघडला की पांढऱ्याचे पिवळे, तपकिरी झालेले गोळे दिसतात, हवा जिथून शिरते तिथे सर्वात गडद. मला नेहमी वाईट वाटतं ते याचं, की असा माल बदलायचा खर्च लोक करतात आणि टॉवरच्या आधीचा, तेलाचे थेंब गोळा करणारा कोलेसिंग फिल्टर तसाच जुना ठेवतात. पुन्हा तीच गत. फिल्टर एलिमेंट वेळेवर बदला, त्याचा ड्रेन चालू आहे का रोज बघा. बाकी सगळं त्यानंतर.

खंबा_नंबर_१२

+१. जेलचंही अगदी हेच. सिलिका जेलचं पृष्ठफळ तर ग्रॅमला ६००-८०० चौरस मीटर. माझ्या वरच्या प्रतिसादात 'का' हे राहिलं होतं, ते तुम्ही लिहिलंत.

कणाद_निवृत्त

@एअरलाइन, बरोबर. माझा हिशेब भोकं नसलेल्या कणांचा होता, हे तिथेच लिहायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर मान्य आहे. सच्छिद्र पदार्थात तेल जागा व्यापतं आणि वाटही बुजवतं, दोन्ही.

चुनखडी

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम करतो. चुन्याच्या गिलाव्यात किंवा सफेदीत जवसाचं तेल घालतात, त्याबद्दल दोन ओळी. ताज्या चुन्यात तेल पडलं की तेलातली मेदाम्लं कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी मिळून कॅल्शियमचा साबण होतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही. पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळून जातं, पण भिंतीच्या आतली वाफ बाहेर निघतच राहते, कारण भोकं उघडी असतात, फक्त त्यांच्या कडा पाण्याला नकोशा झालेल्या असतात. शमिकाताईंचा थेंब आणि वाफेचा भेद आमच्या कामात दोष नाही, तोच गुण आहे. ज्या भिंतीतून वाफ निघू शकत नाही ती आतून फुगते, तिचे पोपडे पडतात. म्हणून तेल अगदी बेताचं. जास्त घातलं की भोकं बुजतात आणि वरचा थर सालीसारखा सुटतो.

शमिका_अंबरनाथ

किती छान. एकच रसायन, आणि तुम्हाला त्यातून हवं ते नेमकं आम्हाला नको ते.

व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं की हे मोजायचं कसं, म्हणून इथेच लिहिते. महागडं यंत्र नसेल तरी चालतं. हवाबंद डब्यात एखाद्या क्षाराचं संतृप्त द्रावण ठेवलं, तळाशी न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत, की डब्यातली आर्द्रता आपोआप ठरते. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३ टक्के, साध्या मिठावर ७५, पोटॅशियम क्लोराइडवर ८४, पोटॅशियम सल्फेटवर ९७. पावडर पसरट ताटलीत पातळ पसरा आणि वजन स्थिर होईपर्यंत तोलत राहा. एकाच आर्द्रतेवर थांबू नका. कमी आर्द्रतेला पृष्ठभागावरच्या जागा बोलतात, जास्त आर्द्रतेला फटी बोलतात. दोन्हीकडचा आकडा पाहिला तरच तेलाने नेमकं काय केलं ते कळतं. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांची पृष्ठफळ काढायची १९३८ सालची पद्धत वापरायची असेल तर ३० टक्क्यांच्या खालचे बिंदू जास्त हवेत.

हिशेबात एक खोड नेहमी आढळते. पावडरीत १० टक्के तेल घातलं आणि ओल 'एकूण वजनाच्या टक्क्यांत' मांडली, तर तेलाने काहीही न करता आकडा दहा टक्क्यांनी उतरतो. खनिज तेल स्वतः जवळपास पाणी धरतच नाही ना. मग अहवालात 'ओल कमी झाली' असं छापलं जातं. ओल नेहमी कोरड्या, तेलाविना पावडरीच्या ग्रॅममागे मांडा. शिवाय तेल घातलेली पावडर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवून पाणी काढाल, तर हलक्या तेलाचा काही भागही उडून जातो आणि तो पाणी म्हणून मोजला जातो. तिथे पाणी मोजणारी रासायनिक पद्धत, म्हणजे कार्ल फिशर, सहसा बरी.

तेल कोणतं हेही लिहून ठेवा. 'वनस्पती तेल' एवढं पुरत नाही. घाण्याच्या तेलात सुटी मेदाम्लं असतात. झिंक ऑक्साइडवर किंवा कार्बोनेटवर तीच जाऊन पृष्ठभाग पकडतात, आणि परिणाम दिसतो तो बहुतेक त्यांचा. रिफाइंड तेलाने तोच प्रयोग केला की परिणाम ओसरतो, आणि लोक म्हणतात प्रयोग जमला नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

विषयांतर वाटलं तर माफ करा. आमच्या इमारतीत पावडरवाले अग्निशामक सिलिंडर आहेत. रिफिल करणारा म्हणतो पावडरीला सिलिकॉनचं कोटिंग असतं, त्यामुळे ओलीची काळजी नको. हे तुमच्या चर्चेत बसतं ना?

शमिका_अंबरनाथ

विषयांतर अजिबात नाही, अगदी याच विषयातलं आहे. कोटिंग असतं हे खरं. सोडियम बायकार्बोनेट असो की मोनो अमोनियम फॉस्फेट, पावडर मोकळी वाहावी आणि पाण्याने भिजू नये म्हणून सिलिकॉन लावतात. पण हे थेंबापासूनचं संरक्षण आहे. उघडी पावडर दमट हवेत पडून राहिली तर वाफ शिरणार, आणि तिचे खडे झाले तर ऐन वेळी नळीतून बाहेर येणार नाहीत.

तेव्हा रिफिलवाल्याला दोन गोष्टी विचारा. सिलिंडर उघडून भरण्याचं काम तो भर पावसात उघड्यावर करतो की कोरड्या खोलीत? आणि आधीची पावडर पूर्ण काढून, सिलिंडर आतून सुकवून मग भरतो का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बायकार्बोनेटची पावडर आणि फॉस्फेटची पावडर एका सिलिंडरमध्ये कधीच मिसळू नये. पहिली अल्कधर्मी, दुसरी आम्लधर्मी. थोडी ओल मिळाली की त्यांची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पावडर दगडासारखी बसते. सिलिकॉन ते थांबवत नाही.